जिगचं कापड फाटतंय पण स्क्विड लागत नाहीये? मग नवीन जिग घेऊ नका अजून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चार रात्री जेट्टीवर उभे राहिलात, एक पण स्क्विड नाही, शेजारच्याने तुमच्या डोळ्यांसमोर पाच काढले, तुमच्या दोन जिगांचं (म्हणजे स्क्विडसाठीच्या, कापड चढवलेल्या कोळंबीच्या आकाराच्या नकली आमिषांचं) मानेजवळचं कापड मात्र फाटलंय. आणि आता विचारताय की जिगा हलक्या निघाल्या का, कुठला रंग घेऊ, लांब फेकणारा रॉड घेऊ का, आणि याच सामानावर मासे धरता येतील का.

पहिल्या तिन्हींचं उत्तर एकच, काहीच घेऊ नका. जिग घेऊन उजेडात बसा आणि ते फाटलेलं कापड नीट बघा. छोट्या चंद्रकोरीसारखे चावे दिसतायत का, डोक्याच्या मागे, माणसाची मानगूट असते त्या जागी? दिसत असतील तर ती स्क्विडची चोच आहे. स्क्विडला, म्हणजे आपल्या माकुळीला, पोपटासारखी चोच असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ती मासा पकडते तेव्हा आधी दोन लांब सोंडा झटकन पुढे येतात, त्या माशाला ओढून आठ हातांच्या मिठीत आणतात, आणि मग चोच बरोबर डोक्यामागे चावते, मणका तुटला की मासा खलास. म्हणजे तुमच्या जिगच्या मानेवर चावा असेल तर स्क्विड आला, धरलं, मिठी मारली, चावला पण, आणि हे सगळं होत असताना तुम्हाला वर काही म्हणजे काही कळलं नाही. हा खरा मासा नाही, हे कळल्यावर त्याने सोडून दिलं. (कापड सरळ कापल्यासारखं असेल, तुकडाच गायब असेल, शेपटीचे काटे वाकलेले असतील तर तो फुगा मासा, तो वेगळा वैताग, त्याच्यावर उपाय जागा बदलणे एवढाच.)

तर तुमच्याकडे स्क्विड येतायत. शेजाऱ्याला ते कळतंय आणि तुम्हाला कळत नाहीये, फरक एवढाच आहे.

आता जिग कशी चालते ते बघू. जपानीत हिला एगी म्हणतात, शब्दशः आमिषाचं लाकूड, पूर्वी खरोखरच लाकडाच्या असायच्या. कोळंबीसारखा आकार, पुढे गळ्याखाली शिसं, मागे शेपटीला काट्यांचा मुकुट, आणि त्या काट्यांना उलटा दात नसतो. शिसं पुढे असल्यामुळे ती डोकं खाली करून तिरकी बुडते. तुम्ही झटका दिला की वर उसळते, सोडली की हळू खाली जाते. स्क्विड ती उसळी बघून जवळ येतो पण धरतो जवळजवळ नेहमी खाली जाताना. आणि नवीन माणूस काय करतो, तर झटका, झटका, गुंडाळ, झटका, गुंडाळ, जिग कधी खाली जातच नाही, पाण्याच्या वरच्या थरात नाचत नाचत परत येते. किंवा खाली सोडतो पण तोपर्यंत मोबाइल काढतो.

३.५ नंबरची साधी जिग साधारण २० ग्रॅमची असते आणि एक मीटर बुडायला तिला साधारण तीन ते साडेतीन सेकंद लागतात. उथळ पाण्यासाठी असलेल्या मंद जिगा याच्या दुप्पट वेळ घेतात. पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. म्हणजे सहा मीटर खोल पाणी असेल तर तळ गाठायला वीस सेकंद तरी पाहिजेत, आणि वीस सेकंद गप्प उभं राहणं किती लांब वाटतं ते एकदा मोजून बघा! पहिल्या फेकीला पूर्ण तळ लागेपर्यंत मोजायचं, लाइन सैल पडली की तळ आला, आकडा लक्षात ठेवायचा. दुसऱ्या फेकीपासून त्या आकड्याच्या दोन तीन सेकंद आधी थांबायचं म्हणजे जिग दगडात, शेवाळात अडकत नाही. मग दोन किंवा तीन झटके वर, आणि परत सोडायचं, दहा एक सेकंद. या दहा सेकंदांसाठीच आपण तिथे आलेलो असतो, बाकी सगळी त्याची तयारी.

सोडायचं म्हणजे कसं, तर दोन प्रकारे. एक म्हणजे लाइन मोकळी सोडून, जिग सरळ खाली जाते. दुसरं म्हणजे लाइन अगदी हलकी ताणून, रॉडचं टोक न हलवता, तेव्हा जिग कमानीत तुमच्याकडे येत येत बुडते. सुरुवातीला दुसरंच करा, कारण त्यात हाताला कळतं. पण हातापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, पाण्यावर तरंगते, रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंत तिची एक सैल झोळी पडलेली असते. हेडलॅम्प लाइनवर मारा, पाण्यात नाही. ती झोळी हळूहळू, एकाच चालीने सरकत असते. आणि मग एकदम ती चाल बदलते. कधी झोळी सरळ होते, जसं कोणी पलीकडून हळूच कपड्याची दोरी ताणली. कधी उलटंच, तळ यायला अजून आठ सेकंद आहेत आणि लाइन थांबली, सैल पडली, म्हणजे स्क्विडने जिग उचलून धरलीय. कधी झोळी एक वीतभर बाजूला सरकते आणि परत जागेवर. टकटक नाही, ओढ नाही, माशासारखा झटका तर नाहीच. मला स्वतःला पहिले दोन सीझन असंच वाटायचं की वारा आहे, लाट आहे. मग एका रात्री एका म्हाताऱ्या गरवणाऱ्याच्या शेजारी उभा होतो, तो माझ्या लाइनकडे बघत होता, स्वतःच्या नाही, आणि म्हणाला, "मार." मी म्हटलं काय मार? तो म्हणाला, "गेला." तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा त्याने मार म्हटल्यावर मी काही न विचारता रॉड उचलला आणि जड ओली गोणी लागावी तसं वजन लागलं.

मारायचं म्हणजे खसकन उडवायचं नाही, रॉड लांब झोक्याने, भराभर पण सलग वर न्यायचा. याचं कारण परत त्या मिठीत आहे. त्याने जिगला मधून किंवा मानेला धरलेलं असतं, काटे तर मागे शेपटीला. तुम्ही ओढलं की जिग त्याच्या हातांमधून पुढे सरकते आणि शेवटी काटे येऊन हातात किंवा सोंडेत रुततात. छोटासा टुच झटका दिला तर जिग चार बोटं सरकते आणि काटे पोचतच नाहीत. मऊ मांस आहे, त्यामुळे ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट असेल तर नुसती सोंड तुटून हातात येते. मी ड्रॅग असा ठेवतो की झटका देताना रील किंचित चिर्र करते. स्क्विड पळतो तो पाणी फेकून, मागच्या मागे, म्हणून त्याची ओढ दमादमाने येते, झुईं, थांब, झुईं, थांब. झुईंला लाइन जाऊ द्या, थांबला की गुंडाळा. आणि रॉड वर खाली पंप करू नका, काट्यांना उलटा दात नाही हे विसरू नका, क्षणभर सैल पडलं तरी निसटतो. तुमच्या ड्रॅगबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये पण पैज लावतो, घट्ट आहे.

लाइन कुठली वापरताय? नायलॉन असेल तर बदला, हा एक खर्च मी सांगेन. नायलॉन ताणलं जातं, तुमचा झटका तिकडे पोचेपर्यंत अर्धा होतो आणि तिकडची चाहूल इकडे येत नाही. बारीक ब्रेड, जपानी मापाने ०.६ किंवा ०.८, आणि पुढे एक दीड मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर (लाइन आणि जिग यांच्यामधला जोडतुकडा), ८ ते १० पौंडी. दगडावर घासायचं काम लीडर करतो, ब्रेड दगडाला लागला की सुतासारखा तुटतो.

वारा हा खरा शत्रू. वाऱ्याने लाइनची झोळी मोठी होते, फुगते, मग जिग बुडतच नाही, लाइनच तिला ओढत फिरते. अशा वेळी फेकून झालं की रॉडचं टोक पाण्याजवळ न्या, जमेल तितकं थेट वाऱ्याकडे तोंड करून किंवा वारा पाठीवर घेऊन फेका, आणि एक नंबर जड जिग लावा. तेवढ्याने नाही झालं तर त्या रात्री माशांच्या मागे लागा, हट्ट करू नका.

रंगाचं म्हणाल तर गंमत अशी की बहुतेक स्क्विडना रंग दिसतच नाहीत, त्यांच्या डोळ्यात एकाच प्रकारचं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असतं. प्रकाशाचं ध्रुवीकरण मात्र त्यांना कळतं जे आपल्याला कळत नाही. म्हणजे त्यांच्या लेखी प्रश्न गुलाबी की नारिंगी हा नसून गडद की फिकट, चमक आहे की नाही, हा आहे. एक गडद, एक फिकट, एक आतून चमकणारी, तीन झाल्या, बास. गुलाबी आणि नारिंगी आपल्याला लांबून दिसावी म्हणून बरी, त्यात वाईट काही नाही. माझ्या डब्यात चाळीस आहेत आणि वापरतो पाच, हा माझा आजार आहे, तुम्ही लावून घेऊ नका. मापाचं मात्र बघा, छोटे स्क्विड असतील तेव्हा २.५, मोठ्यांना ३.५. बहुतेक किनारी स्क्विड जेमतेम वर्षभर जगतात आणि या वर्षभरात फार झपाट्याने वाढतात, त्यामुळे दोन तीन महिन्यांपूर्वी जी जिग चालली तीच आज चालेल असं नाही.

आता लांब फेकायचा मुद्दा. जेट्टीवर आलेला प्रत्येक जण समुद्राकडे तोंड करून जीव खाऊन फेकतो, आणि मासा, स्क्विड, सगळं असतं पायाखाली. जेट्टीच्या खांबांवर कालवं, शिंपले, शेवाळ, त्यात खेकडे, बारीक मासे, आणि त्यांच्यामागे मोठे. रात्री दिवा असेल तर उजेडात बारीक जीव गोळा होतात, त्यांना खायला छोटे मासे येतात, आणि स्क्विड उजेडात येत नाही तर उजेड संपतो त्या कडेला, सावलीत तोंड उजेडाकडे करून तरंगत राहतो. म्हणून जिग उजेडाच्या पलीकडे टाकून अंधारात बुडवायची आणि कडेवर आणायची. जेट्टीवर गेल्यावर सामान उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसतं चाला आणि खाली काँक्रीटवर शाईचे डाग शोधा. जुने डाग करडे फिकट, ताजे काळेकुळकुळीत. जिथे डागांची गर्दी तिथे काहीतरी कारण आहे, तळाला गवत असेल, दगड असेल, खड्डा असेल, कारण कळलं नाही तरी चालेल, तिथे उभे राहा. शेजाऱ्याच्या पायाखाली डाग होते का, आठवतंय का बघा.

एक अपवाद, जोराचा पाऊस होऊन नदीनाल्याचं गोडं पाणी समुद्रात आलं असेल तर स्क्विड विसरा. त्यांना गोडं मिसळलेलं पाणी अजिबात सोसत नाही, निघून जातात. गढूळ पाणी मात्र बोय, शिंगाळा या माशांना चालतं, तेव्हा त्यांच्या मागे लागा.

भरती ओहोटीचं गणित सगळ्यांना तोंडपाठ असतं, सव्वासहा तासांच्या आसपास भरती, तेवढीच ओहोटी, दुसऱ्या दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे. पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही हे लक्षात घेत नाहीत. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या चौथ्यात तीन तीन, मग परत दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं. उधाणाला, अमावास्या पौर्णिमेच्या आसपास, या मधल्या तासांत ओढ इतकी असते की हलकी जिग तळाला जातच नाही, आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाणी इतकं मेलेलं असतं की मासा हलत नाही. मला स्क्विडला पाणी फिरायच्या आधीचा आणि नंतरचा तास आवडतो, माशांना चढतं पाणी. बाकी लोकांचे वेगळे हिशेब असतील.

मासे याच रॉडवर धरता येतील का, तर हो, मर्यादेत. स्क्विडचा रॉड तीसेक ग्रॅमपर्यंत फेकतो, त्यावर छोटी मेटल जिग (धातूचा नकली मासा) चालते, फ्लोट लावून कोळंबीचा तुकडा चालतो, आणि जेट्टीला सर्वात कामाचं म्हणजे सरकतं छोटं शिसं, खाली दोन वीत लीडर, एक लहान गळ आणि ते सरळ खांबाच्या बाजूला खाली सोडायचं, ज्या बाजूने प्रवाह येऊन खांबाला धडकतो त्या बाजूला. फेकायचंच नाही. गळ लहान ठेवा, लहान गळाला मोठा मासा लागतो पण मोठ्या गळाला लहान तोंडाचा मासा लागत नाही. आमिष गळाच्या टोकावर गोळा करून बसवू नका, टोक उघडं राहू द्या. बांगडा वगैरे थव्याने आलं की आमिषाची पण गरज नाही, पिसांच्या गळांची माळ खाली वर केली की दोन दोन लागतात.

वाळूच्या किनाऱ्यावरून शंभर ग्रॅम शिसं फेकायला मात्र हा रॉड नाही, मोडेल. तिथे लांब सर्फ रॉड लागतो आणि ब्रेडच्या पुढे फेकीचा झटका सोसणारा जाड शॉक लीडर, दर औंस शिशाला, म्हणजे २८ ग्रॅमला, १० पौंड असा ढोबळ हिशेब. चार औंसाला चाळीस पौंडी. फेकताना तुटून सुटलेलं शिसं गोळीसारखं जातं, मागे पुढे माणसं असतात, म्हणून यात काटकसर नको. आणि तिथेही आधी उंचावरून पाणी वाचा, लाटा जिथे फुटतात तिथे उथळ, आणि मधेच एक पट्टा असतो जिथे लाट फुटत नाही, पाणी गडद दिसतं, ती चर आहे. मासे चरीतून फिरतात. कित्येकदा ती तीस पावलांवर असते आणि लोक तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात. (पोहायला मात्र त्या गडद पट्ट्यात उतरू नका, पाणी आत ओढून नेणारा प्रवाह बऱ्याचदा तिथेच असतो.)

मासा किंवा स्क्विड वर काढताना रॉडने उचलू नका. मी एक चांगला रॉड असाच घालवला, उंच जेट्टी, पाणी चार मीटर खाली, किलोभराचा स्क्विड, नेट घरी, आणि मी शहाणा टोक उभं करून उचलायला गेलो. तीन तुकडे. स्क्विड पण गेला. लांब दांड्याचं नेट हवंच. स्क्विडला नेटमध्ये घेताना नेट त्याच्या मागून, पंखांच्या बाजूने लावायचं, दचकला की तो मागेच उडी मारतो आणि आपोआप आत जातो. वर आणण्याआधी पाण्यावरच थोडा थांबू द्या, शाई पाण्यात टाकू दे. आणि त्याच्या डोक्याखालचं नळकांडं स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे करून धरू नका, मैत्री तुटते. शाई पडली की लगेच समुद्राचंच पाणी ओता, वाळल्यावर निघत नाही.

काही गोष्टी हाताने धरायच्या नाहीत. शिंगाळ्याचे पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात, मला अंगठ्याच्या बुडाला लागला होता, त्या रात्री घरी येईपर्यंत डोळ्यातून पाणी. हे विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, उकळत्या नाही, आणि काटा आत मोडला असेल तर डॉक्टर. पाकटाच्या शेपटीलाही तोच उपाय. फुगा मासा खायचा विचार सुद्धा नको, त्याच्या विषावर उतारा नाही. आणि जिगला चिकटून एखादा चिमुकला ऑक्टोपस वर आला आणि अंगावर निळी वलयं चमकली तर लीडर कापून जिगसकट पाण्यात सोडा, जिग गेली तर गेली.

दगडांच्या बांधावर जाणार असाल तर आधी कोरड्या जागेवरून पंधरा वीस मिनिटं लाटा बघा. लाटा सारख्या नसतात, बराच वेळ शांत जातं आणि मग एकदम मोठ्या तीन चार येतात. वरचा दगड ओला दिसला म्हणजे पाणी तिथवर आलेलं आहे, त्याच्यावर उभं राहायचं नाही. एकटे असाल तर बांध सोडा, जेट्टी बरी. जिग तळाला अडकली तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि तोंड फिरवून ओढा. त्याआधी लाइन सैल करून दुसऱ्या बाजूला चालत जा, उलट दिशेने अर्ध्या तरी सुटतात. जिगला पांढऱ्या शेंगांसारखे लांबट घोस अडकून आले तर ती स्क्विडची अंडी, कचरा म्हणून काठावर फेकू नका, अलगद परत पाण्यात.

आणि त्या दोन फाटलेल्या जिगा टाकू नका. लोंबणारं कापड कात्रीने कापा, कडेला सुपरग्लूचा बारीक थेंब, वाकलेले काटे पक्कडने सरळ करा आणि इथून पुढे दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्यातून काढून वाळवत जा, नाहीतर काटे गंजतात. माझ्याकडे एक आहे जिचं अर्धं अंग उघडं पडलंय, तिलाच सगळ्यात जास्त लागतात. पुढच्या रात्री त्यातलीच एक लावा, शाईच्या डागांवर उभे राहा, आणि पहिला अर्धा तास झटके कमी, मोजणं जास्त, असं करून बघा.